मशीन वाढव

गेल्या वर्षी मी माझं दुकान बंद केलं. शेजारच्या टेलरनं तिथल्या तिथे टोकलं, "वामनराव, बंद काय म्हणता? वाढवलं म्हणा." मी पुन्हा म्हटलं, "बंद केलं," आणि कुलूप लावून घरी आलो. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याचं चूक नाही. आपल्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. पण मशिनरीच्या आसपास तो शब्द मी उच्चारत नाही. त्याला कारण आहे, आणि ते सांगायला ह्या अंकाची चार पानं मिळताहेत तर सांगून टाकतो.

माझा धंदा गारव्याचा. रत्नागिरीत हे काम करणारा मी पहिला की दुसरा, यावर बरीच वर्षं वाद होता. पहिला म्हणवून घेणारा दुसरा माणूस वारला, तेव्हापासून वाद मिटल्यासारखा आहे. मुंबईला एका बर्फाच्या कारखान्यात मी इंजिनखोलीत होतो. तिथे जे शिकलो ते घेऊन गावी आलो आणि गाडीतळाजवळ एक पत्र्याची शेड घेतली. तेव्हा, म्हणजे पन्नास ते साठच्या दरम्यान, सबंध गावात फ्रीज किती होते ते मला तोंडपाठ होतं आणि त्यांच्या मालकांचे स्वभावही. एवढ्यावर पोट भरणं शक्य नव्हतं, म्हणून पंप, डिझेल इंजिनं, मळणीची यंत्रं, जे येईल ते करायचो.

लोकांना वाटतं मशीन गारवा तयार करतं. गारवा तयार होत नाही. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच काम. नळ्यांतून गॅस फिरतो, तो उष्णता उचलतो. त्या गॅसला दाबून, ढकलून फिरता ठेवतो तो कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर म्हणजे हमाल समजा. ह्या हमालाला पोटात तेल लागतं आणि पाठीवर ओझं लागतं. तेल नाही, ओझं नाही, आणि तरी त्याला पळवलंत, तर तो मरतो. माणूस हमाल ओझं नसलं की बिडी ओढत बसतो, पण कॉम्प्रेसरला ती अक्कल दिलेली नाही.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर एक निवृत्त मामलेदार होते. त्यांच्याकडे रॉकेलचा फ्रीज होता. त्याला खाली दिवा असतो. खाली ज्योत आणि वर बर्फ, हे कसं, असं प्रत्येक जण विचारायचा आणि मी प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचो. फ्रीज गार होत नाही म्हणून बोलावणं आलं. बघतो तर वातीवर पिवळा थर. घरातल्या वहिनी म्हणाल्या, "तिन्हीसांजेला त्या दिव्याला पण हळदकुंकू वाहतो. दिवाच ना तो?" मी वात साफ केली आणि म्हटलं, नमस्कार करा, हळद नको. तो फ्रीज पुढे मामलेदारांपेक्षा जास्त टिकला.

तर, गोदाक्का.

मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा घाऊक व्यापार करणाऱ्या बाया तेव्हाही होत्या, पण गोदाक्का त्यांत वरचढ. होडी किनाऱ्याला लागायच्या आत माल कुणाला जाणार हे ती ठरवून मोकळी होत असे. आवाज असा की समोरच्या होडीतल्या माणसाला वाटावं, आपल्यालाच शिव्या पडताहेत. बहुतेक वेळा पडतही असत. पण त्या शिव्यांत सुद्धा एक अशुभ शब्द नसायचा. 'मर' नाही, 'मेल्या' नाही. तांदूळ संपले की ती म्हणायची, तांदूळ उदंड झाले. बांगडी फुटली की बांगडी वाढवली. दिवा विझवायचा नाही, निरोप द्यायचा. हे सगळं तसं घरोघरी असतं, आमची आईही असंच बोलायची. पण बाकीचे लोक सणावाराला किंवा शुभ कामाला तोंड सांभाळतात. गोदाक्का अष्टौप्रहर सांभाळायची. आणि निघालेल्या माणसाला ती कधी 'जा' म्हणाली नाही. "ये रे," म्हणायची. भांडून हाकलून दिलेल्या माणसाला सुद्धा "ये आता तू," असं म्हणून हाकलायची.

त्याचं कारण सगळ्या बंदराला ठाऊक होतं. तिचा नवरा मचवा घेऊन समुद्रात गेला तो परत आला नाही. वादळ नव्हतं, काही नव्हतं. सकाळी निघताना दोघांचं काहीतरी वाजलं आणि ही म्हणाली, "जा एकदाचे." मचव्याची फळीसुद्धा सापडली नाही. गोदाक्कानं कुंकू पुसलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, यायचे हायत. आणि तेव्हापासून तिनं जिभेला लगाम घातला. तिच्या मनानं घेतलं होतं की मचवा वाऱ्यानं नाही, शब्दानं गेला. हे तिला समजावायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

आता कासम. हा पूर्णगडचा. मिसरूड फुटायच्या आत मामाबरोबर आखातात गेला आणि तिथे एका तेल कंपनीत ट्रक चालवायला लागला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा सगळं सोडून परत आला, कारण तिला बघायला दुसरं कुणी नव्हतं. गाडी चालवण्यात एक नंबर. बोलण्यात मात्र गडी कच्चा. पोरवयात गेलेला, आयुष्य अरबी आणि मलबारी लोकांत काढलेलं, त्यामुळे मराठी शब्द त्याच्यापाशी होते, पण प्रत्येक शब्दाला एकच अर्थ. थट्टा केली तर तो विचार करायचा आणि मग उत्तर द्यायचा.

डोकं त्याचं. तिकडे साहेबांच्या गाड्या आतून गार असतात हे त्यानं पाहिलं होतं. तो आक्काला म्हणाला, "आक्का, मानसं गार करून नेतात, मग मासली का नाय?" तोपर्यंत रत्नागिरीची सुरमई कोल्हापुरास जायची ती भुशातल्या बर्फात. आंबा घाट चढेपर्यंत बर्फाचं पाणी होई आणि पलीकडे उतरताना मासळी कुठपर्यंत आली ते नाकाला कळे. आक्कानं सगळं ऐकून घेतलंन आणि मला बोलावणं धाडलंन.

जुनी पिकअप गाडी मिळाली. मागे सागवानी फळ्यांची पेटी केली, आतून बुचाचे थर आणि जस्ताचा पत्रा. मोडीत काढलेल्या जहाजावरचा एक कॉम्प्रेसर मुंबईहून आणला आणि गाडीच्या इंजिनाजवळ बसवून पट्ट्यानं इंजिनाला जोडला. गाडी पळेल तसा कॉम्प्रेसर पळेल. आणि ड्रायव्हरच्या हाताशी मी एक दांडी दिली. ती ओढली की पट्टा सैल पडे आणि गाडी चालू असतानाही कॉम्प्रेसर थांबे. ही दांडी माझी स्वतःची युक्ती. तिचा मला अजून अभिमान आहे, हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे तिच्यावर लोकांनी संशय घेतला. समोर गॅसच्या दाबाचा काटा आणि काचेवर मी ओढलेली लाल रेघ. काटा रेघेच्या खाली गेला तर समजायचं की गॅस कुठून तरी पळतोय. मग ताबडतोब दांडी ओढायची.

पहिली चाचणी भाट्याच्या रस्त्यावर घेतली. आक्कानं कासमच्या हातात नारळ दिलान आणि म्हणाली, "कासम, नारळ वाढव." कासम जवळच्या दुकानात गेला आणि आणखी दोन नारळ घेऊन आला. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, आखातात राहून आलेला माणूस, हात सैल आहे. मग नारळ फोडायला मीच पुढे झालो आणि ते हसणं तिथेच राहिलं.

पेटी झकास गार झाली. आतल्या पत्र्यावर हिव धरलं तसा आक्कानं हात फिरवून बघितलंन आणि तो हात गालाला लावलान.

कोल्हापूरच्या पहिल्या खेपेच्या दिवशी मी नव्हतो. लांज्याला एका काजूवाल्याचं इंजिन बसलं होतं, तिथे अडकलो. कासमला रेघेचं सांगायचं राहिलं होतं आणि तो पूर्णगडला आईकडे होता, म्हणून जाताना आक्काला सांगून गेलो होतो, काटा रेघेखाली गेला की कासमनं दांडी ओढून मशीन बंद करायचं. तिनं मान हलवलीन. तिला मशीन कळायचं नाही, पण निरोप जसाच्या तसा पोचवायची तिची ख्याती होती. अख्खं बंदर तिच्या तोंडावर चालायचं.

दुसऱ्या दिवशी मी लांज्याहून परतलो तेव्हा गाडी माझ्या शेडसमोर उभी होती. पेटी उघडी होती आणि गाडीतळावरची यच्चयावत मांजरं जमली होती. घाटाच्या मध्यावर कॉम्प्रेसर जाम झाला, पट्टा जळला, आणि मासळी परत येताना साखरप्याच्या अलीकडे टाकून द्यावी लागली. साखरप्याचे लोक बरेच दिवस आमच्या नावानं बोलत होते.

कॉम्प्रेसर उघडला. आत दोन दट्टे सिलिंडरला असे चिकटले होते की जणू झाळकाम करून जोडलेले. पट्ट्यानं फिरणारा कॉम्प्रेसरचा दांडा जिथून बाहेर येतो तिथलं सील गेलं होतं. तिथून गॅस सुटला, बरोबर तेलही गेलं. इथवर कुणाचा दोष नव्हता, जुनं सील घाटातल्या हादऱ्यांना टिकलं नाही एवढंच. पण नुसतं सील गेलं असतं तर तेवढं बदलून भागलं असतं. हा हमाल उपाशीपोटी, ओझ्याशिवाय, जीव तोडून पळवला गेला होता.

मी कासमला विचारलं, "काटा खाली गेलेला दिसला नाही?"

"दिसला."

"मग काय केलंस?"

"गिअर उतरवला आनि रेस वाढवला. काटा आनखी खाली गेला, म्हनून आनखी वाढवला."

"दांडी का नाही ओढलीस?"

"आक्का बोलली तसाच केला," कासम म्हणाला.

आक्का तिथेच उभी होती. तिचा चेहरा लाल झाला. "मी असं सांगितलं? मी सांगितलं काय आणि ह्यानं केलंन काय! मिस्त्री, तुमच्यादेखत खोटं बोलतोय हा." कासमनं मान वर केली नाही. आक्कानं गाडीची किल्ली काढून घेतलीन आणि त्याला म्हणाली, "ये तू."

बंदरावर बातमी फुटायला वेळ लागला नाही. कासमनं मजा म्हणून गाडी पळवलीन, मशीन जाळलंन आणि वर म्हातारीवर ढकललंन. कुणी म्हणालं प्यायला होता; खरं तर तो सुपारीसुद्धा खात नसे. कुणी म्हणालं ती दांडीच खोटी आहे. ते मात्र मला लागलं. कासमला रत्नागिरीत दुसरी गाडी मिळेना. एका ट्रकवाल्यानं तोंडावर सांगितलं, मालकिणीचं ऐकत नाहीस, उलट तिचंच नाव घेतोस, तुझ्या हातात स्टेअरिंग कसं देऊ?

तो माझ्या शेडमध्ये येऊन बसायचा. बोलावलं नव्हतं, मी हाकललंही नाही. एक दिवस म्हणाला, "मामाचा कागद आलाय. परत बोलावतो. जावं लागेल." मी विचारलं, आईचं काय? तो म्हणाला, "आईला सांगितला नाय अजून. आई बोलते, तू खोटा बोलनारा नायस, मग तुझ्यावर विश्वास का नाय ठेवीत? मी काय सांगू तिला?" आणि हातातला पाना पुसायला लागला. पाना स्वच्छ होता.

मला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटत होता. पण आक्काही खोटं बोलणारी नव्हती. दोन खरी माणसं समोरासमोर उभी, आणि मधे जळलेलं मशीन. असा बिघाड मला आधी कधी आला नव्हता.

दुसरा कॉम्प्रेसर मुंबईच्या जुन्या बाजारातून मिळाला आणि गोणपाटात बांधून बोटीनं मांडवीच्या धक्क्याला उतरला. कॉम्प्रेसर बदलणं म्हणजे जुना काढला, नवा लावला, असं नसतं. जुना मरताना त्याच्या अंगाचा चुरा नळ्यांत सोडून जातो. तो चुरा तसाच राहिला तर नवाही त्याच वाटेनं जातो. म्हणून सगळ्या नळ्या धुऊन काढायच्या, वाळवायच्या. मग आतली हवा पंपानं ओढून टाकायची, कारण हवेत ओलावा असतो, आणि आमच्या रत्नागिरीच्या हवेत ओलाव्याशिवाय दुसरं फारसं काही नसतं. मग तेल, मग गॅस. आणि शेवटी प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघत बसायचं. हे बघत बसणं हेच खरं काम. कासम तासन् तास फेसाकडे बघत बसे. त्याच्याइतका चांगला बघणारा मला पुन्हा मिळाला नाही.

कॉम्प्रेसरचं तेल यायला उशीर झाला तेव्हा आक्का बरणी घेऊन आली. "खोबरेल घाला. घरच्या घाण्याचं हाय." मी सांगितलं, खोबरेल गारठ्यात थिजतं, आणि आम्ही जिथे ते घालणार तिथेच गारठा करणार. ती म्हणाली, "मग सकाळी उन्हात ठेवत जाऊ." मी बरणी ठेवून घेतली. डोक्याला लावलं, उत्तम होतं. कासम तिथेच बसलेला असे, पण ती त्याच्याकडे बघायची नाही.

काम पुरं होत आलं त्या दिवशीची गोष्ट. तिन्हीसांज झाली होती. मी जोडाचे शेवटचे नट आवळत होतो आणि कासम फेसाचा वाडगा घेऊन उकिडवा बसला होता. आक्का बंदरावरून परतताना दारात थांबली.

"मिस्त्री, दिवेलागण झाली. दुकान वाढवा आता."

मी होय म्हटलं. कासमनं वाडगा खाली ठेवला. शेडच्या इकडल्या भिंतीकडे बघितलं, तिकडल्या भिंतीकडे बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आक्काशी बोलला.

"आक्का, कुठं वाढवनार? ह्या बाजूला टेलर हाय."

मी हातातला पाना तसाच धरून बसलो. भाट्याच्या रस्त्यावर हातात तीन नारळ घेऊन उभा असलेला कासम माझ्या डोळ्यांपुढे आला. माझ्या डोक्यात दिवा पेटला म्हणतात तसं काही झालं नाही. पाना खाली ठेवून मी उठलो.

"आक्का," मी विचारलं, "त्या दिवशी कासमला निरोप काय सांगितलात? अगदी तुमच्या शब्दांत सांगा."

"तुम्ही सांगितलेलात तोच. काटा खाली गेला की मशीन वाढव."

"तेच तर मी बोलतोय," कासम म्हणाला. "वाढवला."

गाडीतळावर एक एसटी मागे घेत होते आणि कंडक्टर डब्याच्या पाठीवर थापा मारत होता, तेवढाच आवाज. आक्का आधी माझ्याकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. मग गॅसच्या रिकाम्या सिलिंडरवर बसली. असली खमकी बाई, पण मी तिला बसलेली तेव्हा पहिल्यांदा पाहिली. बंदरावर ती कायम उभी असे.

"शुभाच्या दिवशी," ती म्हणाली, "पहिली खेप, नवी गाडी. तो शब्द कसा काढायचा तोंडातून?" आणि जरा वेळानं, "पोरा, मी तुला खोटा म्हटलं."

"हाव," कासम म्हणाला. खरं तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिलाव ऐन भरात असताना आक्का मधोमध उभी राहिली. ज्या आवाजात ती सुरमईचा भाव पुकारायची त्याच आवाजात म्हणाली, "ऐका रे सगळे. कासमनं मशीन जाळलंन नाय. माझ्या जिभेनं जाळलंन. ज्यानं ज्यानं त्याला नावं ठेवलीत त्यानं पुन्हा माझ्याकडे माल घेऊन यायचं नाय." मग लिलाव पुढे सुरू झाला. भाव त्या दिवशी जरा नरमच होते, असं म्हणतात.

कासमला किल्ली परत मिळाली. पण त्यानं ती लगेच खिशात घातली नाही. तळहातावर ठेवून म्हणाला, "आक्का, गाडी चालवीन. पन रस्त्यात हुकूम सरल पायजे. मला फिरवून कलत नाय."

"सांगेन की सरळ," आक्का म्हणाली.

चाचणी बंदरावरच झाली. निम्मा मिरकरवाडा बघायला आला होता. कासम स्टेअरिंगवर, मी उघड्या इंजिनाशी, आक्का खिडकीशी. गाडी सुरू झाली, पट्टा फिरला, कॉम्प्रेसर नव्या नवरीसारखा हळू आवाजात चालायला लागला. पेटी गार होऊ लागली. मी खूण केली, आता दांडी बघायची.

"ठेव आता," आक्का म्हणाली.

कासमनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आवर."

त्यानं समोरचं फडकं घडी करून कोपऱ्यात ठेवलं.

"अरे, थांबव."

त्यानं सबंध गाडीच थांबवली. मला पुन्हा हँडल मारावं लागलं. तेव्हा मला शंका आली की ह्या माणसाला थट्टा कळायला लागली आहे. पण त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता.

आक्का घामाघूम झाली. सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "वाढव ना रे, मेल्या—" आणि तिनं जीभ चावली. कासमनं रेस वाढवला. गाडी गरजली, मागची पोरं कान धरून पळाली. मी ओरडलो की नवीन पट्टा आहे. रेस उतरला.

कासम खिडकीतून बाहेर वाकला आणि फक्त तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलला. मी इंजिनाशी होतो म्हणून मलाही ऐकू आलं.

"आक्का, तुमी बोला. काय होनार नाय. मी परत येनार हाय. माझी आई हाय हितं."

तिनं खिडकीची कड धरली होती. समुद्राकडे तिची पाठ होती, ती तिनं तशीच ठेवलीन.

"बंद कर," ती म्हणाली.

कासमनं दांडी ओढली. पट्टा सैल पडला, कॉम्प्रेसर थांबला. गाडी चालू होती.

आक्का काही तरी होण्याची वाट बघत उभी राहिली. काही झालं नाही. एक कावळा पेटीवर येऊन बसला आणि पत्रा गार लागला तसा उडाला.

"चालू कर," ती म्हणाली. कासमनं दांडी सोडली. कॉम्प्रेसर फिरायला लागला.

"बंद कर." थांबला.

"चालू कर." लागला.

"बंद कर," ती म्हणाली, जरा मोठ्यानं. "चालू कर. बंद कर. चालू कर." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र लिलावाचा. मचवा परत न आल्यावरही ह्या बाईला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. मलाही भरून आलं होतं, पण पट्ट्याची काळजी मलाच घ्यायची होती.

"आक्का," मी म्हटलं, "पट्टा जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसलंन. "नको, ऱ्हावदे."

त्याच दुपारी मासळी भरली. पेटीचं दार लावलं, कडी घातली. कासम चढला आणि आपल्या रिवाजाप्रमाणे म्हणाला, "येतो, आक्का."

ती नेहमीचं "ये रे" म्हणेल म्हणून मी हत्यारं गोळा करायला वळलो होतो.

"जा," आक्का म्हणाली. "सावकाश जा."

गाडी चढावाला लागून दिसेनाशी झाली तरी ती तिथेच उभी होती. त्या रात्री तिनं जेवण केलं नाही, असं मागाहून कळलं. दुसरा दिवसही तिनं बंदरावरच काढला, पण लिलावात लक्ष नव्हतं. कुणी स्वस्तात माल नेला तरी शिवी आली नाही, तेव्हा लोक घाबरले.

संध्याकाळी हॉर्न वाजला. कासम उतरला, कोल्हापूरची काळी माती चाकांना तशीच होती. माल विकला का, भाव काय आला, आक्कानं काहीच विचारलंन नाही. मागे गेली, पेटीचं दार उघडलंन, आत वाकून पत्र्यावर हात फिरवलान आणि तो हात गालाला लावून उभी राहिली.

"गार हाय अजून," ती म्हणाली.